वन बीएचकेमधलं वाळवंट

कुत्र्याचं पिल्लू घरात आलं की महिनाभर फरशी पुसणं आलं, रात्री दोन वाजता जिने उतरणं आलं, वॉचमनच्या झोपेचं खोबरं करणं आलं. मांजराच्या पिल्लाचं तसं नाही. ते येतानाच अर्धी परीक्षा पास होऊन येतं. पसरट टबात थोडं भुसभुशीत काहीतरी घाला, पिल्लाला त्यात सोडा आणि गंमत बघा. आधी हुंगेल, मग पंजाने उकरेल, खळगा करून बसेल, बँकेत मोठा चेक भरायला आलेल्या माणसासारखा गंभीर चेहरा करेल आणि उठल्यावर सगळं नीट लोटून झाकेल. हे त्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. बिघडवण्याचं काम मात्र आपल्या हातात असतं, आणि बरेच जण ते मन लावून करतात. म्हणून ही मांजराच्या शी-शूची चटपटीत चौकशी. अट एकच, जेवताना वाचू नये.

खापरपणजोबा वाळवंटातले

तुमच्या सोफ्यावर पसरलेल्या मनीचं मूळ गाव विचाराल, तर उत्तर सापडतं पश्चिम आशियाच्या कोरड्या पट्ट्यात. २००७ साली ९७९ मांजरांच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली. जगभरची पाळीव मांजरं ‘फेलिस लिबिका’ या वाळवंटी रानमांजराची वंशज आहेत, असं त्यातून दिसलं. धान्याची कोठारं आली, कोठारांत उंदीर आले, उंदरांमागोमाग मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसापासून जेमतेम हातभर अंतरावर आठ महिन्यांचं मांजर पुरलेलं सापडलं आहे. बेटावर ते पोहत तर गेलं नसेल. कुणीतरी होडीतून नेलं असणार. म्हणजे ‘मांजर प्रवासात शी कुठे करेल’ ही चिंताही तितकीच जुनी.

वाळवंटातल्या या मुक्कामाच्या दोन खुणा आजही टिकून आहेत. पहिली, मांजराची लघवी फार दाट असते, कारण पाण्याचा थेंबन्‌थेंब वाचवायची मूत्रपिंडांना सवय. दुसरी, पायाखाली काहीतरी मऊ, सुटं, उकरता येण्याजोगं हवं. तुमच्या व्हिट्रिफाइड टाइल्स त्याच्या दृष्टीने कुचकामी. घरात वाळू नसेल तर पिल्लू तिच्या जवळचं काहीतरी शोधतं. तुळशीची कुंडी, तांदळाचं उघडं पोतं, पायपुसणं, आणि इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग.

झाकणारं मांजर सभ्य असतं?

शी झाकण्याचं श्रेय आपण स्वच्छतेला देतो. मांजराचा हिशेब वेगळा आहे. मोठ्या शिकाऱ्याला आणि दांडगट बोक्याला आपला पत्ता लागू नये, हा त्यामागचा हेतू. आपल्या हद्दीच्या वेशीवर हेच मांजर खुशाल उघड्यावर ठेवून जातं, येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘इथे मी राहतो’ हे कळावं म्हणून. तेव्हा घरातलं मांजर इमानेइतबारे झाकत असेल तर त्याने तुम्हाला घरचा दांडगट मानलंय, असं समजायला हरकत नाही. तेवढाच मान.

पहिले तीन आठवडे: खातं आईकडे

नवजात पिल्लाला स्वतःहून शी-शू करताच येत नाही. आई पोटाखालचा भाग जिभेने चाटते तेव्हा कुठे ते होतं, आणि जे होतं ते आई तिथल्या तिथे खाऊन टाकते. वास नाही, डाग नाही, शत्रूला सुगावा नाही. मांजर पिल्लांना ‘सात घरं’ फिरवते असं आपल्याकडे म्हणतात, तेही याच सावधगिरीपायी.

पावसाळ्यात जिन्याखाली आईविना सापडलेलं, डोळेही न उघडलेलं पिल्लू वाचवायचं तर हे काम तुमच्याकडे येतं. दर वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात पिळलेला कापूस हलक्या हाताने तिथे फिरवायचा. बाटलीने दूध पाजणारे बरेच जण हे विसरतात आणि मग पिल्लू फुगलं म्हणून घाबरतात. साधारण तिसऱ्या आठवड्यात दुधाचे पुढचे दात हिरड्यांतून डोकावू लागले की पिल्लू स्वतः उकरायला लागतं. दात दिसले की ट्रे मांडा.

एक गोठलेला ढीग आणि वीस कोटी डॉलर

जानेवारी १९४७. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं कॅसोपोलिस हे छोटं गाव, कडाक्याची थंडी. नौदलातून परतलेला एड लो वडिलांच्या धंद्यात हात घालत होता. कोळसा, बर्फ, लाकडाचा भुसा आणि कारखान्यांत सांडलेलं तेल टिपून घेणारी मातीची खर, असला सगळा माल. के ड्रेपर ही शेजारीण वाळू मागायला आली. तिच्या मांजराच्या खोक्यासाठी ठेवलेल्या वाळूचा ढीग बाहेर गोठून दगड झाला होता. तिने राख वापरून पाहिली, तर मांजराने घरभर काळे पंजे उमटवले. लोकडे वाळू नव्हती. त्याने तेल टिपणारी माती दिली. ‘हे वापरून बघा.’

थोड्या दिवसांनी बाई परत. मग तिच्या मैत्रिणी. लोने दहा पिशव्यांत प्रत्येकी पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो माती भरली, वर हाताने ‘किटी लिटर’ लिहिलं आणि दुकानदाराला ६५ सेंटला विकायला सांगितलं. दुकानदार हसला. वाळू एका सेंटला पौंडभर मिळत असताना ही माती कोण घेणार? लो म्हणाला, मग फुकट वाट. फुकट नेलेली गिऱ्हाइकं पैसे घेऊन परत आली. पुढे लो गाडीच्या डिकीत माल टाकून गावोगाव फिरला. मांजरांच्या प्रदर्शनांत शेकडो ट्रे स्वतः साफ करून द्यायचा आणि बदल्यात स्टॉलची जागा मिळवायचा. १९९०मध्ये त्याने धंदा विकला तो सुमारे वीस कोटी डॉलरना.

मांजर घरात, गादीवर, माणसाच्या कुशीत आलं त्याला ही माती बरीच जबाबदार आहे. त्याआधी बहुतेक घरांत मांजराचा रात्रीचा पत्ता अंगण हाच होता.

चेहऱ्याला लावता तीच

लोने दिलेली माती म्हणजे फुलर्स अर्थ. आपल्याकडे तिला मुलतानी माती म्हणतात. होय, चेहऱ्यावर गुलाबपाण्यात कालवून लावतात तीच जात. पूर्वी लोकरीतलं तेल काढायला वापरायचे, आता चेहऱ्यावरचं काढायला. तेल आणि ओल शोषून घेणं हाच तिचा गुण.

१९८०च्या दशकात टॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने पुढची पायरी गाठली. बेंटोनाइट नावाची माती ओल लागली की कित्येक पट फुगते आणि तिचा गोळा होतो. गोळा तेवढा चाळणीच्या चमच्याने उचलायचा, बाकीची माती तशीच. रोज अख्खा ट्रे ओतायची कटकट गेली. भारतात बेंटोनाइटचे मोठे साठे कच्छमध्ये आहेत. मुंबईत टॉवरच्या पायासाठी खोल खड्डे खोदताना भिंती ढासळू नयेत म्हणून याच मातीचा रबडा ओततात, आणि तुमच्या सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यातही बहुधा तीच असते. एवढी कर्तबगार माती, आणि शेवट तिचा काय होतो पाहा.

एक सावधगिरी मात्र महत्त्वाची. दोन-अडीच महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला गोळा होणारी माती नको. या वयात पिल्लू समोर येईल ते चाखून बघतं, आणि पोटात जाऊन गोळा झाला तर आतडं अडतं. तोवर गोळा न होणारी जाड खर किंवा कागदाच्या गोळ्या चालतात.

घमेलं की बुटाचं खोकं?

दुकानातला झाकणवाला, दारवाला, कार्बन फिल्टरवाला महाल बघून भुलू नका. २०१३च्या एका अभ्यासात २७ मांजरांपुढे उघडा आणि झाकलेला असे दोन्ही ट्रे ठेवले, तर बहुतेकांना काही फरक पडला नाही. त्यांना हवा होता स्वच्छ ट्रे. झाकण माणसाच्या समाधानासाठी असतं, आणि झाकलेलं आपण साफ करायला विसरतो.

लहान पिल्लाला काठ बुटका हवा. बुटाच्या खोक्याचं झाकण, जुना बेकिंग ट्रे, पसरट घमेलं, काहीही. मोठं झाल्यावर मात्र ट्रेची लांबी मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी लागते. दुकानातले बरेच ट्रे त्याहून लहान असतात. भांड्यांच्या दुकानात कपडे भिजवायचा चौकोनी टब मिळतो, तो स्वस्त आणि मस्त.

किती ट्रे? डॉक्टर मंडळींचं सूत्र आहे, जितकी मांजरं त्याहून एक जास्त. एका मांजराला दोन, दोघांना तीन. परळच्या वन रूम किचनमध्ये तीन ट्रे मांडल्यावर माणसांनी कुठे बसायचं, हे सूत्र सांगणाऱ्यांनी सांगितलेलं नाही. एका पिल्लाला सुरुवातीला एक पुरतो, पण तो दिवसातून दोनदा साफ व्हायला हवा. दोन दिवस न फ्लश केलेल्या संडासात आपणही जात नाही.

जागा: कुकरपासून लांब

ट्रे शांत कोपऱ्यात हवा, जेवणाच्या ताटलीपासून लांब. वॉशिंग मशीनशेजारी नको. पिल्लू बसलेलं असताना मशीन स्पिनला लागलं आणि ते एकदा दचकलं की त्या कोपऱ्याकडे परत फिरकत नाही. कुकरच्या शिट्टीचंही तेच. उघड्या बाल्कनीत ठेवलात तर जून महिन्यात माती भिजून चिखल. घर मोठं असेल तर पहिले काही दिवस पिल्लाला एकाच खोलीत ठेवा. दोन इंचांच्या पायांना हॉलपासून मागच्या बेडरूमपर्यंत जायचं म्हणजे वारीच.

आणि मोरी? कितीतरी पिल्लं ट्रे सोडून बाथरूमच्या जाळीवर जाऊन बसतात. ओल, वास, कोपरा, सगळं जुळून आलेलं असतं. घरच्यांना सोय वाटते, पाणी ओतलं की झालं. उद्या बाथरूमचं दार कुणी बंद ठेवलं की मग पुन्हा इस्त्रीचे कपडे. मोरीची सवय मोडायची असेल तर ट्रे आधी मोरीशेजारी मांडा, आणि मग रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्या.

रेती, राख, भुसा, रद्दी

पैसे वाचवायचे पर्याय आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. बांधकामावरची रेती मांजराला आवडते, पण ती वास शोषत नाही, जड असते आणि पंजांबरोबर गादीपर्यंत येते. चुलीच्या राखेचं काय होतं ते के ड्रेपरबाईंना विचारा. वखारीतला साध्या लाकडाचा भुसा चालतो. प्लायवुडच्या कामाचा भुसा मात्र नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. कोकणात भाताचं तूस मुबलक, हलकंही, पण ते पंख्याखाली ठेवाल तर घरभर मळणी. वर्तमानपत्राचे कपटे सगळ्यांत स्वस्त, आणि टाका पडलेल्या मांजराला डॉक्टरही तेच सुचवतात, कारण बारीक कण जखमेत जात नाहीत. अलीकडे सोयाबीनच्या चोथ्याचं ‘टोफू लिटर’ मिळतं. वास कमी, धूळ कमी, किंमत जास्त.

सुगंधी लिटर मात्र दुकानातच राहू द्या. लॅव्हेंडरचा वास तुम्हाला आवडतो. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, आणि ते लॅव्हेंडरच्या शेतात शी करायला तयार नसतं. लिंबू-संत्र्याच्या वासाशी तर त्याचं उभं वैर. तुळशीची कुंडी वाचवायची असेल तर हे वैर कामाला येतं. मातीवर संत्र्याच्या साली टाका किंवा वर गोटे पसरा.

वेळापत्रक

झोपून उठल्यावर. जेवल्यावर साधारण अर्ध्या तासात. दणकून खेळल्यावर. या तीन वेळा पिल्लाला उचलून ट्रेत ठेवायचं. पंजे धरून उकरायला लावू नका, बरीच पिल्लं त्यानेच भितात. बाहेर शी झाली तर त्यात नाक घासायचा आजीच्या काळातला उपाय तर बिलकूल नको. पिल्लाला त्यातून एवढंच कळतं की ही बाई कधीकधी वेड्यासारखं करते. ते पुढच्या वेळी पलंगाखाली, तुम्ही पोचू शकणार नाही अशा जागी जातं. त्यापेक्षा थोडीशी शी उचलून ट्रेत टाका. पत्ता नाकाने सापडतो.

दुधाची वाटी आणि बिघडलेलं पोट

मांजर म्हणजे दूध हे समीकरण आपल्या म्हणींनी पक्कं केलं आहे. डोळे मिटून दूध पिणारं मांजर प्रत्येकाच्या ओळखीचं. प्रत्यक्षात आईचं दूध सुटल्यावर पिल्लाच्या शरीरात दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं. मग गाईचं किंवा म्हशीचं दूध पोटात गेलं की जुलाब. पातळ शी ट्रेपर्यंत थांबत नाही, आणि दोष जातो पिल्लाच्या वळणावर. ट्रेचा सराव बिनसला की आधी वाटी बघावी. आणखी एक मजा म्हणजे मांजराला गोड चवच कळत नाही, गोडाची चव ओळखणारं जनुक त्याच्यात निकामी आहे. तुमचं बासुंदीचं भांडं ते चाटतं ते स्निग्धासाठी.

फिनेल: घरातला खरा शत्रू

ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी लेख वसूल. पिल्लाने कोपऱ्यात शू केली की आपला हात आपोआप फिनेलच्या बाटलीकडे जातो. काळ्या फिनेलमधली फेनॉलच्या जातीची रसायनं निष्प्रभ करायला यकृतात जे विकर लागतं ते तयार करणारं जनुक मांजरात बिघडलेलं आहे. फरशीवरून पंजाला लागतं, मांजर पंजा चाटतं, विष पोटात. पांढऱ्या फिनेलमधलं पाइन तेलही मांजराला अपायकारकच. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तीही याच कारणाने. मांजर येऊ नये म्हणून कोपऱ्यात डांबर गोळ्या टाकणारे आहेत, त्यांनी त्या आजच उचलाव्यात.

ब्लीचही नको. लघवीतल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की घशाला लागणारे वायू तयार होतात. साबणाचं पाणी, मग विकरं असलेलं पाळीव प्राण्यांसाठीचं क्लीनर. साध्या पुसण्याने वास आपल्यापुरता जातो, पिल्लाच्या नाकापुरता राहतो, आणि तेच ठिकाण पुन्हा ठरतं. जुना डाग सापडत नसेल तर नोटा तपासायचा अतिनील दिवा आणा आणि लाइट बंद करा. वाळलेली लघवी त्याखाली चमकते. हा प्रयोग पाहुणे आलेले असताना करू नये.

वासाची केमिस्ट्री आणि नाशिकची वाइन

ताज्या लघवीला म्हणावा तसा दर्प नसतो, तो नंतर चढतो. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं खास अमिनो आम्ल असतं. ते तयार व्हायला कॉक्सिन हे प्रथिन लागतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००६मध्ये दाखवून दिलं. फेलिनिन हळूहळू तुटतं आणि त्यातून गंधकाचे रेणू सुटतात. अख्ख्या बोक्यात, म्हणजे नसबंदी न झालेल्यात, हा कारखाना जोरात चालतो.

या रेणूंचे भाऊबंद एका प्रतिष्ठित ठिकाणीही सापडतात. सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनचा जो खास वास असतो त्यात गंधकाच्या अशाच रेणूंचा वाटा आहे, आणि वाइन चाखणारे जाणकार त्याला चारचौघांत ‘मांजराची शू’ म्हणतात. कौतुकाने! न्यूझीलंडच्या एका वायनरीने बाटलीच्या नावातच ते घातलं होतं. ही द्राक्षं नाशिकलाही होतात. पुढच्या वेळी ग्लास फिरवून कुणी ‘वा, काय नोट्स आहेत’ म्हणालं, तर तुम्हाला बोलायला विषय मिळाला.

बसून की उभ्याने?

फरशीवर बसून केली असेल तर ट्रेची तक्रार. मागे फिरून, शेपटी ताठ करून, थरथरवत भिंतीवर फवारली असेल तर ती हद्दीची नोटीस, आणि ट्रे बदलून काही होणार नाही. बोका पाच-सहा महिन्यांचा व्हायच्या सुमाराला नसबंदी केली तर सुमारे दहापैकी नऊ बोके या नोटिसा लावत नाहीत.

डोहाळजेवणाआधी मांजराची पाठवणी

घरात गोड बातमी आली की पहिली गदा मांजरावर. कारण टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी. १९०८ साली ट्यूनिसमध्ये शार्ल निकोल आणि लुई मान्सो यांनी तो एका उंदरासारख्या प्राण्यात शोधला. त्याचा जीवनक्रम मांजराच्या आतड्यात पुरा होतो हे कळायला साठ वर्षं गेली. धोका खरा आहे, पण त्याची रीत समजून घेतली तर पाठवणीची गरज उरत नाही. लागण झालेलं मांजर शीतून त्याची अंडी बहुधा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे टाकतं. आणि ताज्या शीतली अंडी लागण करू शकत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ झाला की साखळी तुटली. गर्भवतीने ते काम करू नये, नवऱ्याने करावं. नऊ महिने त्याला तेवढं तरी काम असू द्या. आणि कच्चं राहिलेलं मटण, न धुतलेली कोथिंबीर यांच्याकडेही तितक्याच संशयाने बघावं, कारण लागण तिथूनही होते.

फ्लश? कॅलिफोर्नियाला विचारा

संडासात लिटर ओतू नका. बेंटोनाइट पाइपातही फुगतो, आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. दुसरं कारण समुद्रात आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे समुद्री ऑटर टोक्सोप्लाझ्माने मरू लागले, आणि मांजरांची शी पाण्यावाटे समुद्रात जाते असा संशय आला. २००६मध्ये त्या राज्याने कायदाच केला की लिटरच्या पिशवीवर ‘फ्लश करू नका’ अशी सूचना छापायची. पिशवीत बांधा, कचऱ्यात द्या.

भूगर्भातला धमाका

मांजराच्या मातीची सगळ्यांत महागडी गोष्ट मांजराशिवायची आहे. अमेरिकेत किरणोत्सारी द्रव टिपायला कोरडी माती म्हणून किटी लिटर सर्रास वापरत. लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत कागदपत्रांतल्या गोंधळामुळे मातीच्या लिटरऐवजी गव्हापासून केलेलं ‘ऑरगॅनिक’ लिटर पिंपात भरलं गेलं. आत नायट्रेटचे क्षार होते. क्षार आणि गहू यांची हळूहळू जुंपली, पिंप तापलं, आणि १४ फेब्रुवारी २०१४ला न्यू मेक्सिकोमध्ये जमिनीखाली साडेसहाशे मीटरवर मिठाच्या खाणीसारख्या भांडारात ते फुटलं. भांडारात कचरा नेणं जवळजवळ तीन वर्षं बंद होतं. पर्यावरणस्नेही वस्तू सगळीकडे चालत नाही, असं त्या इंजिनिअरांना आता पक्कं ठाऊक आहे.

साधी मातीही अगदी निरागस नाही. तिच्यात युरेनियम-थोरियमचे नैसर्गिक अंश असतात, आणि बंदरांवरच्या किरणोत्सार तपासणीत लिटरने भरलेला कंटेनर भोंगा वाजवतो. घरच्या ट्रेला त्याने काही होत नाही, बिनघोर राहा.

जॅझचा बादशहा आणि कमोडवरचं मांजर

चार्ल्स मिंगस म्हणजे अमेरिकी जॅझमधला दिग्गज बासवादक. त्याने आपल्या ‘नाइटलाइफ’ या मांजराला चक्क कमोडवर बसायला शिकवलं, आणि ते कसं, याची पुस्तिका छापून विकली. पद्धत अशी. पुठ्ठ्याच्या खोक्यात फाडलेलं वर्तमानपत्र. खोकं रोज थोडं बाथरूमकडे सरकवायचं. मग कमोडवर ठेवायचं. मग मधोमध छोटं भोक, रोज थोडं मोठं. शेवटी खोकं गायब. तीन-चार आठवडे लागतात, घाई करू नका, असा त्याचा सल्ला. पशुवैद्यांना हे फारसं पसंत नाही, कारण उकरणं-झाकणं ही मांजराची गरज तशीच राहते, आणि किती शू झाली, रंग कोणता, हे आपल्याला कधीच दिसत नाही. मिंगसला मात्र मानलं पाहिजे. भारतीय पद्धतीच्या संडासासाठी असली पुस्तिका कुणी लिहिलेली नाही. लिहूही नये.

एकवीस सेकंद

जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी प्राणिसंग्रहालयात स्टॉपवॉच घेऊन उभं राहून एक नियम शोधला. तीन किलोंपेक्षा जड सस्तन प्राणी, लहान असो वा हत्ती, लघवीला सरासरी २१ सेकंदच घेतात. त्यांच्या निबंधात हत्तीचं मूत्राशय १८ लिटरचं आणि मांजराचं ५ मिलिलिटरचं, म्हणजे ३,६०० पटींचा फरक, तरी वेळ तेवढाच. मोठ्या प्राण्याची नळी लांब आणि रुंद असते, त्यामुळे गुरुत्वाकर्षण जोर लावतं. २०१५ला त्यांना इग नोबेल मिळालं.

हसून झालं असेल तर यातलं एक कामाचं. बोका वारंवार ट्रेत जातोय, बसतोय, कण्हतोय आणि माती कोरडीच, तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल शोधू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. बोक्यांची नळी अरुंद, आणि हे दुखणं एक-दोन दिवसांत जीव घेतं. त्याच तासाला डॉक्टर.

डावा पंजा की उजवा?

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०१८मध्ये ४४ मांजरांची चालचलणूक मालकांकरवी नोंदवली गेली. जिना उतरताना आणि ट्रेसारखा काठ ओलांडताना पहिला पंजा कोणता पडतो, हे त्यात होतं. बहुतेक मांजरांचा एक पंजा ठरलेला निघाला. बोक्यांचा कल डावीकडे, भाट्यांचा उजवीकडे.

घरी करून बघायला खर्च नाही. पिल्लू ट्रेकडे निघालं की चहाचा कप खाली ठेवायचा आणि वहीत एक खूण करायची. चार-दोन खुणांवर निकाल लावू नका, चांगली भरपूर पानं होऊ द्या. आणि ‘मनी’ नाव ठेवलेलं पिल्लू सारखा डावाच पंजा टाकत असेल, तर एकदा डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. या वयात भल्याभल्यांची फसगत होते.